गुओच्या वहीतला तिसरा रकाना

अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहाला माझा फोन वाजायचा आणि पलीकडून एकच प्रश्न यायचा, "या याकूब, कैफ अल-बहर?" म्हणजे, बाबा रे याकूब, समुद्र कसा आहे?

विचारणारे होते अबू फहद. सौदीच्या उत्तर टोकाला, कुवेतच्या सीमेला चिकटून अल खफजी नावाचं गाव आहे. त्याच्या समोरच्या समुद्रात तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म उभे आहेत. तिथे जाणाऱ्या सगळ्या बोटी आणि क्रेनवाल्या सपाट बार्ज अबू फहदांच्या हुकमतीखाली. बोट सुटायची की थांबायची, हे ते ठरवत. आणि ठरवण्याआधी मला विचारत. मी त्यांचा हवामानवाला.

या देशात भविष्य सांगणं हा गुन्हा आहे. मी ते सत्तावीस वर्षं नोकरी म्हणून केलं. खफजीतल्या पहिल्याच आठवड्यात अबू फहदांनी मला बजावलं होतं, "उद्याचं फक्त अल्ला जाणतो. तू मला वारा सांग." मग मी वारा सांगायचो आणि शेवटी इन्शाअल्ला म्हणायचो. बरोबर निघालं तर श्रेय माझं, चुकलं तर वरच्याची मर्जी. इतकी सुरक्षित नोकरी दुसरी नसेल.

बाहेरच्या माणसाला वाटतं, वाळवंटात कसलं हवामान? तर समुद्रावरच्या कामाला हवा मोजून मापून लागते. दोन मजली घराएवढा लोखंडी सांगाडा क्रेनने उचलून पाण्यातल्या चार खांबांवर अलगद ठेवायचा असतो. वारा जरा वाढला की तो सांगाडा हेलकावे घेतो आणि मग खालच्या माणसांचं काही खरं नाही. म्हणून आम्ही शांत वेळेचा तुकडा शोधून देतो. त्याला आम्ही 'विंडो' म्हणतो. आमचा वैरी एकच, शमाल. वायव्येकडून येणारा वारा. कधी दोन दिवस आधी निरोप पाठवतो, कधी तासाभरात दारात उभा.

गिऱ्हाइकं एकेक नग होती. एका बार्जचा ग्रीक कप्तान माझा अंदाज पूर्ण ऐकून घ्यायचा आणि मग स्वतःचा उजवा गुडघा दाबून बघायचा. गुडघा ठणकला तर काम बंद. दोनदा माझा नकाशा चुकला आणि त्याचा गुडघा बरोबर निघाला. ते मी कुठेही नोंदवलं नाही. अबू फहदांचे थोरले भाऊ दर ऑक्टोबरात खजुराचा डबा घेऊन यायचे आणि विचारायचे, यंदा पाऊस वेळेवर येणार का. पहिला पाऊस वेळेवर झाला तर पुढे वाळवंटात जमिनीखाली फगा धरतो. दिसायला बटाट्यासारखा, पण आपण अळंब्यांवर टाकतो तसा हे लोक त्याच्यावर जीव टाकतात. मी म्हणायचो, "पावसाची शक्यता नाकारता येत नाही." अकरा वर्षांत हे वाक्य एकदाही खोटं ठरलं नाही. डबा दरवर्षी माझाच.

माझे अब्बा हर्णैला मचव्यावर तांडेल होते. त्यांना पाण्याचा रंग पाहून वारा कळायचा. मी पुण्यात शिकून नकाशे वाचायला लागलो, पण रक्तात तेच होतं, आणि अबू फहदांना ते ठाऊक होतं. चार लोकांत ते माझी ओळख करून देताना म्हणायचे, "याच्या बापाच्या मांडीवर समुद्र खेळलाय." हे ऐकलं की माझी छाती इंचभर फुगायची. मोठ्या माणसाचा कान आपल्याकडे असणं ही काय चीज आहे, ते ज्याला मिळालंय त्यालाच कळेल.

आणि मग गुओ आला.

चीनच्या एका कंपनीला नव्या प्लॅटफॉर्मचं काम मिळालं. त्यांनी आपला हवामानवाला पाठवला. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, चष्मा, अंगावर सदैव तोच राखाडी स्वेटर, एसी असो वा नसो. माझ्या समोरचं टेबल त्याला दिलं. पहिल्या दिवशी त्याने टेबलावर एक जाड वही ठेवली आणि पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडले. पहिल्यात प्रश्न: कोणी काय विचारलं. दुसऱ्यात उत्तर: मी काय सांगितलं, खाली स्वतःची सही. तिसरा मोकळा.

"हा कशाला?" मी विचारलं.

"उद्या भरायचा," तो म्हणाला. "खरं काय झालं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकेका बोटीला फोन करायला लागला. काल वारा किती होता? किती वाजता फिरला? लाट केवढी? रोज, एकही बोट न सोडता. खलाशांशी बोलता यावं म्हणून हिंदीसुद्धा शिकला. "भाईजान, कल हवा कैसा था?" त्याच्या तोंडून ते ऐकून आमची कोकणातली पोरं खूश. मी त्यांच्या मातीतला, त्यांच्या भाषेतला. पण काल वारा कसा होता, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. सांगून झाल्यावर मागे वळून कशाला बघायचं?

एकदा चहा पिताना मी त्याला छेडलं, "ही वही कुठल्या कोर्सात शिकवतात?"

तो हसला. म्हणाला, "माझ्या गावाकडे शिकवतात. तीन हजार वर्षांपूर्वी."

त्याचं गाव एका जुन्या राजधानीच्या जागेजवळ. तिथे शेत नांगरताना हाडं निघायची, बैलाच्या खांद्याची आणि कासवाच्या पोटाची. बरीच वर्षं लोक ती कुटून औषध म्हणून खात होते. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, यांच्यावर अक्षरं आहेत. राजाच्या पदरी शकुन बघणारे होते, त्यांची ती अक्षरं. राजा काहीही विचारायचा. पाऊस पडेल का, शिकार मिळेल का, माझी दाढ का दुखते, राणीचं बाळंतपण नीट होईल का. शकुनवाला हाडाला मागून खळगे पाडायचा आणि तिथे निखाऱ्यासारखं तापलेलं काही टेकवायचा. पुढच्या बाजूला तडा जायचा. तो तडा वाचायचा.

"प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारायचे," गुओ सांगत होता. "पाऊस पडेल. पाऊस पडणार नाही. दोन्ही कोरायचं. म्हणजे आपल्याला हवं तेच दिसत नाही. शेजारी विचारणाऱ्याचं नाव कोरायचं. आणि काही हाडांवर शेवटी, नंतर खरंच काय झालं तेही."

"आणि चुकलं तर?"

"फार वेळा कोरलेलं नाही. राजा चुकला असं कोण कोरणार? पण काही ठिकाणी आहे. ती हाडं मला आवडतात." मग त्याने चष्मा पुसला. "आकाश बघणाऱ्यांची गंमत वेगळी होती. ग्रहण सांगायला चुकले म्हणून दोघांची डोकी उडवली, अशी गोष्ट आहे आमच्याकडे."

मी म्हणालो, "बरं झालं, आपण इन्शाअल्ला म्हणतो."

हसलो, पण आत कुठेतरी खुपलं. माझ्या अकरा वर्षांच्या अंदाजांचं एक हाडसुद्धा माझ्याकडे नव्हतं.

चार महिन्यांत व्हायचं ते झालं. अबू फहद एकदा आमच्या खोलीत आले, गुओची वही उघडून उभ्या उभ्या वाचायला लागले आणि मग खुर्ची ओढून बसले. तिसऱ्या रकान्यात दर सहा-सात ओळींनंतर लाल शाईत "मी चुकलो" लिहिलेलं होतं. मी मनात म्हटलं, संपला हा. अबू फहदांनी वही मिटली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "हा माणूस मला त्याच्या चुका सांगतो." माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला फोन वाजला. समोरच्या टेबलावर.

त्या वेळी मला काय झालं ते सभ्य शब्दांत सांगता येत नाही. जळफळाट हा शब्द थंड आहे. मी कीबोर्डकडे बघत बसलो आणि कान लावून ऐकत राहिलो. "कैफ अल-बहर?" आणि तो त्याच्या मोडक्या अरबीत उत्तर देतोय. त्या ऑक्टोबरात खजुराचा डबाही त्याच्या टेबलावर आला. त्याने तो उघडून पहिला खजूर मला दिला. तो मी कागदात गुंडाळून खणात टाकला.

घरी माझी बायको झुबेदा वैतागली. "जेवताना गुओ, चहाला गुओ. सवतीवर जळावं तसं जळताय तुम्ही त्याच्यावर. एकदा जेवायला बोलवा त्याला, डोक्यातनं जाईल." बोलवला. त्याने माशाचं कालवण दोनदा मागून घेतलं, मसाला कसा वाटतात ते विचारलं आणि लिहून घेतलं. तो गेल्यावर माझी मुलगी सना म्हणाली, "अब्बा, ही इज सो नाइस. यू नेव्हर आस्क पीपल एनीथिंग." ती रियाधला बँकेत आहे, सुट्टीवर आली होती. मी तिला म्हटलं, तू तुझं बघ. त्या दिवसापासून मी त्याच्या चुकण्याची वाट बघायला लागलो. लाल शाईतली छोटी चूक नव्हे. मोठी, अबू फहदांच्या डोळ्यांसमोर होणारी.

ती मार्चमधली सकाळ होती. नव्या प्लॅटफॉर्मचा वरचा सांगाडा बसवायचा होता. गुओने आदल्या दिवशी विंडो दिली होती, सकाळी साडेसात ते संध्याकाळ. वहीत लिहिलं होतं, सही केली होती. त्याच्या सवयीप्रमाणे उलटी बाजूही लिहिली होती: वारा लवकर फिरला तर चुकेन, उत्तरेच्या बोटींवर लक्ष ठेवावं.

सहा वाजून दहा मिनिटांनी माझा मोबाइल वाजला. रफीक. आमच्या हर्णैचाच, उत्तरेला उभ्या असलेल्या एका सामानबोटीवर सुकाणी. बोटींचा अधिकृत निरोप आठला यायचा. रफीकने आपला म्हणून मला फोन केला.

"चाचा, हिकडं वारा फिरलाय. वायव्येकडनं येतोय, पाण्यावर फेस दिसायला लागला. तिकडं आज काय उचलायचं हाय काय?"

मी म्हणालो, "बरं केलंस सांगितलंस. ठेव."

गुओ माझ्यासमोर आठ फुटांवर बसला होता. नकाशावर वाकलेला. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी मोबाइल खिशात घातला आणि चहा आणायला गेलो.

मी स्वतःला काय सांगितलं तेही सांगतो. हा अधिकृत निरोप नाही. रफीकला काय कळतं. वारा तिथून इथे येईपर्यंत मरेल. हे सगळं मी चहाचा कप भरेपर्यंत सांगून टाकलं. पण खरं एवढंच होतं, की मला तो पडायला हवा होता. साडेसहाला त्याचा फोन वाजला. "कैफ अल-बहर?" "ठीक आहे," तो म्हणाला, "सुरू करा." मी चहात साखर ढवळत होतो.

साडेसातला सांगाडा उचलला. सव्वाआठला वारा आला. तेव्हा तो खांबांच्या वर, हवेत होता. ना ठेवता येत होता, ना परत आणता येत होता. बार्जच्या कप्तानाने जिवाच्या आकांताने तो परत डेकवर टेकवला. सांगाडा वाचला, बार्ज वाचली. दोरखंड सांभाळणारा आर्तुरो नावाचा फिलिपिनो माणूस लोखंड आणि कठड्यामध्ये सापडला. मांडीचं हाड दोन जागी मोडलं.

वायरलेसवर त्याचं ओरडणं आम्ही दोघांनी ऐकलं. गुओ पांढराफटक पडला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. होय, ठेवला.

चौकशी झाली. मला विचारलं, तुमचं मत काय होतं? मी म्हणालो, "मला उत्तरेकडची शंका होती, पण विंडो माझी नव्हती." हे शब्द मी आदल्या दिवशी तयार करून ठेवले होते. गुओला विचारलं. तो म्हणाला, "अंदाज माझा. सही माझी." बस, एवढंच. महिन्याभरात त्याला दक्षिणेला, जिझानच्या बंदरावर पाठवलं. जाताना माझा हात दोन्ही हातांनी धरून म्हणाला, "याकूब सर, वही इथेच ठेवतो. कामाची आहे." मी ती कपाटात सर्वांत खाली टाकली आणि वर जुने नकाशे रचले.

पुढच्या सोमवारी साडेसहाला फोन माझ्या टेबलावर वाजला. मी जिंकलो होतो. पण मी "ठीक आहे" म्हटलं की पलीकडे अबू फहद क्षणभर थांबायचे. आधी थांबत नसत. त्या क्षणभरात ते गुओचा विचार करतात, असं मला वाटायचं. माणूस दीड हजार किलोमीटर लांब गेला आणि तरी माझ्या फोनमध्ये बसून राहिला.

दोन वर्षांनी अबू फहद निवृत्त झाले. खफजीतच राहिले, छोटी होडी घेतली. मग दर शुक्रवारी सकाळी मासेमारीला निघण्याआधी त्यांचा फोन यायचा. "या याकूब, कैफ अल-बहर?" झुबेदा म्हणायची, आला तुमच्या राजाचा हुकूम. मी शुक्रवारची वाट बघायचो.

यंदा मीही निवृत्त झालो. फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा व्हिसा, लागला, निघायला थोडे आठवडे आहेत. ऑफिसातलं कपाट रिकामं करताना तळाशी ती वही सापडली. मी तिथेच जमिनीवर बसून ते पान काढलं. पहिला रकाना, दुसरा रकाना, सही. तिसऱ्यात लाल शाईत: "मी चुकलो. वारा सव्वाआठला आला. आर्तुरो जखमी." खाली, दुसऱ्या दिवशीच्या तारखेने, काळ्या शाईत आणखी एक ओळ होती. "रफीकच्या बोटीवर वारा सहाच्या सुमारास फिरला. त्याने सहा वाजून दहा मिनिटांनी फोनवर कळवलं." आणि पुढे: "कोणाला:" त्यापुढे कोरी जागा.

मी सगळा विचार केला होता, फक्त एक विसरलो होतो. हा माणूस दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फोन करतो. त्या दिवशीही त्याने केला होता. रफीकने सरळ सांगून टाकलं असणार, चाचाला कळवलं होतं मी. त्याच्या मते त्यात लपवण्यासारखं काय होतं? म्हणजे चौकशीत "सही माझी" म्हणताना गुओला सगळं माहीत होतं. माझा हात धरून निरोप घेतानाही.

मी जिझानला फोन लावला. माझा आवाज ऐकून तो खराखुरा आनंदला, झुबेदाच्या कालवणाची आठवण काढली. मी म्हणालो, "वही उघडली."

"तू सांगितलं का नाहीस?"

"मी उत्तरेच्या बोटींवर लक्ष ठेवायला हवं होतं. मीच लिहिलं होतं तसं. ते माझं चुकलं." मग म्हणाला, "बाकीचं तुम्ही लिहाल असं वाटलं. म्हणून जागा सोडली. म्हणून वही ठेवली."

सहा वर्षं ती जागा माझ्या कपाटात होती.

मी आर्तुरोबद्दल विचारलं. तो लंगडतो, गावी किराणा दुकान चालवतो, मुलगी नर्स झाली. गुओकडे त्याचा नंबर होता. अर्थातच होता. तो मी घेतला आहे. अजून लावायचा धीर झालेला नाही, पण हे छापून येण्याआधी लावीन. बोलताना माझ्या मनात काय आलं सांगू? मोठेपणातही हा माझ्या पुढे. माफी मागायला गेलेला माणूस, आणि पोटात हे.

मी पेन घेतलं आणि त्या कोऱ्या जागेत लिहिलं, "याकूब सारंगला. त्याने सांगितलं नाही." खाली सही केली. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अंदाजाच्या तिसऱ्या रकान्याखाली माझी सही आली. पानाचा फोटो काढून अबू फहदांना पाठवला आणि खाली अरबीत सगळं नीट लिहिलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी मी पहाटेपासून नकाशे उघडून बसलो होतो. वारा हलका, पाणी शांत, होडी काढायला सुरेख दिवस. साडेसहा वाजले, सात वाजले. झुबेदाने चहा आणून ठेवला. आठ वाजता फोनवर मेसेज आला तो गुओचा.

"याकूब सर, आज अबू फहदांचा फोन आला होता. खूप वर्षांनी. विचारत होते, खफजीचा समुद्र कसा आहे. मी म्हणालो, मी इथून काय सांगणार, याकूब सरांना विचारा. पण ते म्हणाले, तूच सांग. सर, तिकडे वारा कसा आहे?"

पोटात तसंच दुखलं, पहिल्या दिवशी दुखलं होतं तसंच. मी त्याला वारा, दिशा, लाट, सगळं लिहून पाठवलं. आणि खाली लिहिलं, संध्याकाळी कळव, बरोबर निघालं का.